ऑस्ट्रेलियातील अ‍ॅबोरिजिनल मुलांच्या त्वचारोगांवर स्वच्छतेचे धडे पुरेसे का पडत नाहीत?

ऑस्ट्रेलियासारख्या संपन्न देशात अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तेथील मूळ रहिवासी समाजांतील, मुलांना खरूज आणि पुवाळलेले फोड इतके का होतात, आणि पालकांना स्वच्छता शिकवली तर हे थांबणार नाही का, असे आपण विचारले आहे. मी पश्चिम ऑस्ट्रेलियात परिचारिका आहे. सुरुवातीला माझाही समज असाच होता. चादरी गरम पाण्यात धुवा, असे मी मातांना सांगत असे, पण घरात धुलाईयंत्र आहे का आणि असल्यास ते चालते का, हे मी कधी विचारले नव्हते. ती माझी चूक होती.

दुर्गम वस्त्यांमध्ये दहापैकी चार-पाच मुलांच्या अंगावर असे फोड आढळतात. खरजेने खाज सुटते, खाजवून त्वचा फाटते आणि तेथून स्ट्रेप्टोकोकस जिवाणू शिरतात. त्यातून मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, आणि हृदयाच्या झडपा निकामी करणाऱ्या संधिवाती ज्वराशीही या फोडांचा संबंध जोडला जातो. तरीही हे फोड इतके नेहमीचे होऊन बसतात की दवाखान्यांतही त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

आपल्या प्रश्नाचे सर्वांत ठोस उत्तर मला दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागातील पिट्जंट्जट्जारा लोकांच्या प्रदेशात सापडते. तेथील नगनंपा हेल्थ कौन्सिल ही आरोग्यसंस्था अ‍ॅबोरिजिनल लोकांच्याच नियंत्रणाखाली चालते. उपचार वाढूनही माणसे पुन्हा पुन्हा आजारी का पडतात, हा प्रश्न तिचे संचालक यामी लेस्टर यांना पडला होता, आणि १९८५ मध्ये त्यांनी एक डॉक्टर, एक वास्तुरचनाकार आणि एक पर्यावरण-आरोग्य कार्यकर्ता यांना बोलावून, लोक मुळात आजारीच पडू नयेत असा मार्ग शोधण्यास सांगितले. त्या तिघांनी आरोग्यदायी जगण्याच्या नऊ गोष्टी क्रमाने मांडल्या. पहिली, माणसांना, विशेषतः लहान मुलांना, रोज अंघोळ घालता येणे, आणि दुसरी, कपडे व अंथरुणे धुता येणे. ‘येणे’ या शब्दाला येथे फार महत्त्व आहे. पुढे याच पद्धतीने देशभर हजारो घरे तपासली गेली, तेव्हा बहुतेक घरांत शॉवर धड चालत नव्हता. बिघाडांपैकी रहिवाशांच्या गैरवापरामुळे झालेले दहा टक्क्यांहूनही कमी होते. बाकीच्यांना देखभालीचा अभाव आणि मुळातले सदोष बांधकाम कारणीभूत होते. ज्या आईच्या नळाला पाणीच येत नाही, तिला अंघोळीचे महत्त्व पटवून देण्यात काय अर्थ आहे? न्यू साउथ वेल्स राज्यात अशा बिघाडांची दुरुस्ती झालेल्या घरांतील लोकांचे संसर्गजन्य आजारांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण, दुरुस्ती न झालेल्या घरांच्या तुलनेत, सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले.

याचा अर्थ आरोग्यशिक्षण निरुपयोगी आहे, असा मात्र नाही. ते कोण देते आणि कोणत्या भाषेत देते, हे पाहावे लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील किंबर्ली भागात मुलांची नियमित त्वचातपासणी, सोपे उपचार आणि वस्त्यांनी स्वतः घडवलेली माहिती यांची सांगड घातली गेली. मुलांनी त्वचेवर स्वतःचे हिप-हॉप गाणेसुद्धा रचले. त्या काळात फोडांचे प्रमाण दहात चारवरून दहात दोनवर आले. याच राज्यातील पर्थ आणि बनबरी या शहरांत नूंगार या अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या त्वचा-आरोग्य प्रकल्पातही वडीलधारी मंडळी संशोधकांच्या बरोबरीने निर्णय घेतात. आणि नॉर्दर्न टेरिटरीतील बरुंगा येथे २०१९ पासून एक मोफत धुलाईकेंद्र आहे, जे गावातलीच माणसे पगारी कामगार म्हणून चालवतात.