बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

प्रश्न : आमची २००४ सालची चार सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी आहे. मागच्या महिन्यात वैभववाडीहून परतताना करूळ घाटात टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. गाडी बाजूला घेतली तेव्हा कूलंटच्या बाटलीतून पाणी उसळत होतं. तेव्हापासून रोज सकाळी एकच प्रकार. बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर वरून रिकामा. वरचा होज पाइप चपटा पडलेला असतो. पार्किंगच्या फरशीवर मात्र थेंबही नाही. एका मिस्त्रींनी रेडिएटरची कॅप बदलली, फरक नाही. दुसरे म्हणतात हेड गॅसकेट गेलंय, हेड उतरवू. त्याआधी काय तपासावं? – निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सर, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि हेड गॅसकेट म्हणजे त्याच्याखाली दाब धरून ठेवणारी पट्टी. ते हेड उतरवायला आज तरी होकार देऊ नका. तुमच्या पत्रातली चपट्या पाइपची ओळ फार महत्त्वाची आहे.

इंजिन तापलं की कूलंट फुगतं आणि आत दाब तयार होतो. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तेवढ्या बार दाबापर्यंत कॅप धरून ठेवते आणि त्यापुढचं कूलंट बाटलीत सोडते. कोल्हापूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. ०.९ बारची कॅप नीट धरत असेल तर तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. घाटात गाडीला तारणारे वीस अंश ते हेच. रात्री इंजिन निवलं की कूलंट आकसतं, आत ओढ तयार होते, कॅपच्या मधला छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि बाटलीत गेलेलं कूलंट परत रेडिएटरमध्ये येतं.

तुमच्याकडे जाणं होतंय, येणं होत नाही. होज चपटा पडतो म्हणजे ओढ तयार होतेय, पण वाट बंद आहे. कुठे बारीक छिद्र असतं तर तिथून हवा आत शिरली असती आणि पाइप गोल राहिला असता. गॅसकेट जळून सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरत असेल तर चित्र बहुतेक वेळा उलटं दिसतं. रात्रभर उभ्या गाडीचा होज सकाळीही टणक लागतो आणि कॅप सैल करताच आतला दाब फुस्सकन बाहेर येतो. तुमची कॅप उघडताना हवा आत ओढली जात असणार. तुम्ही लिहिलेली लक्षणं गॅसकेटच्या बाजूने बोलत नाहीत.

आता गाडी पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळीच, नवी कॅप काढून उलटी धरा. मधोमध पितळेची चकती दिसेल. नखाने ओढली तर ती थोडी उचलली पाहिजे आणि सोडली की परत बसली पाहिजे. चिकटली असेल तर कॅप नवी असूनही निकामी. काही कॅपला हा व्हॉल्व्हच नसतो, तर काहींची खोली तुमच्या रेडिएटरच्या गळ्याशी जुळत नाही. दुकानात 'चालंल की ही' म्हणून दिलेली कॅप घेऊ नका. आकडा आणि खोली दोन्ही जुन्या मूळ कॅपशी ताडून बघा. मग गळ्यापासून बाटलीकडे जाणारी बारीक नळी सोडवा आणि फुंकर मारा. इतक्या जुन्या गाडीत बाटलीच्या तळाशी गाळ बसलेला असतो. नळीचं टोक त्यात रुतलेलं असतं किंवा नळी बॅटरीच्या कडेला मुडपलेली असते. बाटली धुऊन घ्या. नळीचं टोक तळाजवळ पोहोचतंय ना, तेही बघा. टोक पाण्याच्या वर राहिलं तर कूलंटऐवजी हवा ओढली जाईल.

एवढं करून रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, हवा काढून घ्या आणि चार दिवस बघा. माझा अंदाज आहे की यातच काम होईल. पण काटा एकदा लालला टेकला आहे, त्यामुळे गॅसकेटची शंका पुराव्याने मिटवली पाहिजे. थंड इंजिनावर कॅपच्या जागी प्रेशर टेस्टर लावून घ्या. हातपंप आणि दाबाचं घड्याळ असलेलं हे साधं हत्यार उद्यमनगरातल्या बऱ्याच गॅरेजांत मिळेल. कॅपवरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघायचा. घसरला तर टॉर्च घ्या. वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र, रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी आणि जाळी यांचा सांधा, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचं) झाकण, मॅनिफोल्डमागचे वेल्श प्लग (इंजिनाच्या भिंतीतल्या भोकांना बसवलेली पत्र्याची बुचं) बघा. गरम लोखंडावर पडलेला थेंब तिथेच वाळतो आणि पांढरट किंवा हिरवट खपली राहते. म्हणूनच फरशी कोरडी म्हणजे गळती नाही, असं धरू नका.

काटा स्थिर राहिला तर टेस्टरमधला दाब सोडा, तो तसाच लावून ठेवा आणि इंजिन सुरू करा. अजून काहीच तापलेलं नसताना पहिल्याच मिनिटात काटा झपाट्याने चढू लागला किंवा थरथरला, तर तो गॅस. इंजिन लगेच बंद करा. खात्रीसाठी गळ्यावर निळं रसायन असलेली नळी धरतात. पेट्रोल इंजिनाचा गॅस त्यातून गेला की निळा रंग पिवळा होतो. चारही स्पार्क प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. तिघांवर तपकिरी थर आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय.

हे पुरावे हातात आले तर मात्र हेड उतरवायला मागेपुढे बघू नका. तेव्हा फक्त नवं गॅसकेट टाकून बंद करू देऊ नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाक मोजायला सांगा. बहुतेक छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या पुढे वाक चालत नाही. फेसिंगची, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करायची, यंत्रं आणि माणसं कोल्हापुरात दारात आहेत. हेडला चीर आहे का, हे दाबाखाली तपासून मगच फेसिंग करा. चिरलेल्या हेडला फेसिंग करणं म्हणजे पैसे पाण्यात.

प्रश्न : गाडी तापते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाका आणि जास्त आकड्याची कॅप लावा म्हणतात. शेतातल्या बोअरचं पाणी भरलं तर चालतं का? – तरुण शेतकरी, शिरोळ

उत्तर : भाऊ, तिन्हींना माझं उत्तर नाही असंच आहे. थर्मोस्टॅट काढला की हायवेला इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं, आतली झीज वाढते. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहते. मग पाणी रेडिएटरला न जाता परत फिरतं आणि गाडी आणखी तापते. शंका असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टाकून तापवा. त्यावर ८२ किंवा जो आकडा कोरलेला असेल, तिथे उघडायला लागला तर तो ठीक आहे. जास्त दाबाची कॅप लावली की जुने होज, हीटर आणि रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी यांच्यावर ताण येतो, आणि त्यातलं सगळ्यात कच्चं आधी फुटतं. बोअरच्या पाण्याबद्दल शिरोळच्या माणसाला मी काय सांगू? क्षारांनी जमिनीचं काय होतं ते तुम्ही रोज बघता. रेडिएटरच्या नळ्या तर त्याहून अरुंद. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरा. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं.

प्रश्न : शेजारच्या सीटखालचा गालिचा ओला होतो. एसीचं पाणी असेल का? – गृहिणी, गडहिंग्लज

उत्तर : ताई, पांढरा कागद दाबून बघा. नुसतं पाणी असेल तर एसीची नळी तुंबली आहे, ती साफ करून घ्या. कागदावर रंग उतरला, बोटाला बुळबुळीत लागलं, गोडसर वास आला आणि काच आतून तेलकट धुक्याने भरत असेल, तर डॅशबोर्डमागचा हीटर गळतोय, त्यातून इंजिनाचं कूलंट फिरतं. चव मात्र घेऊ नका. कूलंट विषारी असतं, आणि गोड लागत असल्याने कुत्री-मांजरं ते चाटतात. गालिचा काढून धुवा आणि ते पाणी अंगणात ओतू नका. हीटर बदलेपर्यंत त्याच्या दोन नळ्या बोनेटखाली एकमेकींना जोडून गाडी चालवता येते, पण तुमच्या इंजिनाला ते चालतं का, हे मिस्त्रींकडून आधी बघून घ्या.