नखांतले धातू आणि आतड्यातला पॉलिप

प्रश्न : माझे वय ५४. निपाणीत तंबाखूच्या वखारीत ३० वर्षे हिशेब लिहिले; बिडी आता सुटली आहे. हिमोग्लोबिन ९.२ वर उतरल्याने आधी काही महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, मग बेळगावात दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी होऊन १४ मिलिमीटरचा पॉलिप (अस्तरावर वाढलेला मांसल कोंभ) काढला. बायोप्सीत ॲडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सरकडे झुकू शकणारी गाठ, निघाला; आज कॅन्सर नाही. शरीरात साठलेल्या लोह, तांबे, कॅडमियम या धातूंमुळे पॉलिप होतात, तेव्हा नखे आणि केस तपासून घ्या, असे एका परिचिताने सांगितले. त्या धास्तीने मी लोहाच्या गोळ्या आणि तांब्याच्या घागरीतले पाणी दोन्ही बंद केले. हे योग्य झाले का?

उत्तर : गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू कराव्यात. आपल्या शरीरात लोह साठलेले नसून ते कमी पडले आहे. अन्नातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह रक्तात शोषले जाते, आणि १ मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम बाहेर जाते. म्हणजे आतड्यातून रोज चहाचा एक चमचा रक्त झिरपले, तर शौचाला काही दिसत नाही, पण काही महिन्यांत साठा रिकामा होतो. पन्नाशीच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन उतरले की रक्त कुठून जाते हे आधी शोधावे लागते, आणि नुसत्या गोळ्यांवर गेलेले आपले ते महिने मला खटकतात. एवढ्या एका पॉलिपने सगळा उलगडा होईलच असे नाही. जठराची तपासणी झाली नसेल, तर तीही करावी लागेल का, हे अवश्य विचारावे.

आता धातूंविषयी. पायाची नखे सावकाश वाढतात, त्यामुळे कापलेल्या तुकड्यात काही महिन्यांपूर्वी शरीरात गेलेल्या सेलेनियम या सूक्ष्म खनिजासारख्या घटकांची नोंद राहते, आणि संशोधक तिचा उपयोग शेकडो माणसांच्या गटांची तुलना करण्यासाठी करतात. एका माणसाचे निदान त्यावरून होत नाही. केसांचे तर आणखी कठीण, कारण कलप, शाम्पू आणि धूळ यांतले धातूही त्यांवर बसतात. पॉलिपच्या ऊतीत जस्त किंवा तांबे कमी-जास्त आढळले, तरी ते पॉलिपचे कारण असेल की झपाट्याने वाढणाऱ्या पेशींचा परिणाम, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. रक्तात सेलेनियम कमी असणाऱ्यांना ॲडिनोमा अधिक होतात असे काही पाहण्यांत दिसले होते. प्रत्यक्षात रोज २०० मायक्रोग्रॅम देऊन पाहिले, तेव्हा नवे ॲडिनोमा टळले नाहीत, उलट वयस्कर मंडळींत मधुमेह वाढला. म्हणून नखा-केसांच्या तपासणीमागोमाग येणाऱ्या सेलेनियमसारख्या पूरक गोळ्यांपासूनही दूर राहावे.

घागरीतले साधे पाणी खुशाल प्यावे. ताक किंवा चिंचेचे सार मात्र कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवू नये. कॅडमियम तंबाखूचे झाड जमिनीतून ओढून घेते, आणि शरीरात गेलेले मूत्रपिंडात १० ते ३० वर्षे राहते. तरीही बिडी-सिगारेटने पॉलिपचा धोका वाढतो हे कोणत्याही एका धातूपेक्षा पक्के आहे, म्हणून बिडी सोडलीत हे फार चांगले केलेत. ती पुन्हा हाती येऊ देऊ नका. मटणातले लोह गोळीतल्या लोहाहून वेगळ्या रूपात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये तांबड्या मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले, तेव्हा रोज मटण खात असाल, तर ते आठवड्यातून एखाद्या वेळेवर आणावे.

नखांच्या तपासणीचे पैसे पुढच्या कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी, ठेवावेत. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा ॲडिनोमा पूर्ण निघाला असेल, तर ती साधारण ३ वर्षांनी करतात. सख्खी भावंडे चाळिशी ओलांडलेली असतील, तर त्यांनाही आपला रिपोर्ट दाखवून तपासणीला पाठवावे. लोहाने मळ काळा आणि चिकट होऊन आतड्याच्या अस्तराला लेपासारखा बसतो आणि लहान पॉलिप झाकला जातो, म्हणून आपल्या कोलोनोस्कोपीच्या साधारण आठवडाभर आधी, डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, गोळ्या थांबवाव्यात.