कंठलंगोट कुणाचा?

प्रश्न असा आलाय की टायला 'कंठलंगोट' आणि सिग्नलला 'अग्निरथगमनागमनदर्शक ताम्रहरितलोहपट्टिका' हे शब्द सावरकरांनी काढले का, आणि असे अजून कुठले आहेत.

नाही हो! शुद्ध मराठीची टर उडवायला सोडलेली पिल्लं आहेत ही, आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी छाती ठोकून ती सावरकरांच्या नाहीतर सरकारच्या भाषा संचालनालयाच्या नावावर खपवतं. दिनांक, महापौर हे खरे सावरकरांचे, ते वापरताना कुणाला हसू येत नाही. 'धूम्रकांडी' म्हणून सिगरेटवर विनोद करणाऱ्यांनी तर आधी धूर म्हणजे धूम, धूम्र म्हणजे धुरकट रंगाचा, एवढं तरी बघावं, पण ते असो.

खरी गंमत 'लंगोट'मध्ये आहे. हिंदीतले कोशकार याची फोड लिंग + ओट, म्हणजे आडोसा, अशी करतात. ऐकायला छान, पण मला साफ अमान्य. मूळ लिंगपट्ट (पट्ट म्हणजे कापडाची पट्टी), मधल्या प चा व झाला आणि 'वट्ट'चं 'ओट'. पुरावा? कसोटी! सोनं घासायची कषपट्टिका, प्राकृतात कसवट्टिआ, मग कसोटी. आता कसोटीत पण ओट म्हणजे आडोसा आहे का, सांगा बघू. कासोटासुद्धा माझ्या मते याच घरातला, कक्षा म्हणजे कमरबंद आणि पट्ट, आणि तोही नेसायचाच प्रकार. लिं चा लं कसा झाला असं काही लोक फार शहाणपणाने विचारतात, त्यांनी संस्कृत हरिद्रेतल्या इ चा अ होऊन हळद कशी झाली ते सांगावं, प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्राने त्यासाठी सूत्रच दिलंय.

म्हणजे बघा, सिग्नलची ती लांबलचक 'पट्टिका' आणि कंठलंगोटातला 'ओट' एकाच पट्टातून फाडलेले निघाले! आणि टाय म्हणजे गळ्यातली पट्टीच की, त्यामुळे शब्दाचा मागचा अर्धा भाग एकदम चोख, भानगड फक्त मधल्या लिंगाची. थट्टा करणाऱ्याला हे माहीत असेल असं वाटत नाही.

हां, अजून शब्द. 'ढकलपत्र' म्हणजे आलेला मेल न वाचता पुढे ढकललेला, फेसबुकचं चेहरापुस्तक करून त्याचं 'चेपु', आणि माझा लाडका 'कायप्पा', व्हॉट्सचं काय आणि अ‍ॅपचा अप्पा. 'भ्रमणध्वनी'पेक्षा हजारपट बरा, हाक मारल्यासारखा तरी वाटतो.