चौथी गोळी लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तीन गोळ्या चालू असूनही तुझ्या पेशंटचं वरचं बीपी १६०च्या खाली उतरत नाही, आता चौथी कोणती देऊ, असं तू विचारलं आहेस. चौथीचं नाव सांगतोच, पण जरा दमानं. अशा केसपेपरवर औषधांची यादी वाढत जाते आणि दोन साध्या प्रश्नांची उत्तरं मात्र कुठेच सापडत नाहीत: बीपी नीट मोजलं होतं का, आणि लिहून दिलेल्या गोळ्या पोटात गेल्या का?

आधी मोजण्याचं बघ. पेशंट जिना चढून येतो, स्टुलावर बसतो, बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो. हात मांडीवर सैल पडलेला असतो आणि पट्टा फुगत असतानाच आपण विचारतो, "झोप लागते का नीट?" तो बिचारा सविस्तर उत्तर देतो. जो आकडा येतो तो कागदावर चढतो आणि त्याच्यावर गोळी वाढते. लोंबणारा हात, टेका नसलेली पाठ, बोलणं, भरलेलं मूत्राशय, प्रत्येकाने आकडा थोडा थोडा वर सरकतो. सगळं एकत्र आलं की धडधाकट माणूसही पेशंट ठरतो. पाठीला टेका, पावलं जमिनीवर, उघडा दंड छातीच्या उंचीला आणि पाच मिनिटं शांत बसणं, एवढं झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. चहा-कॉफी आणि सिगारेट अर्धा तास आधीपासून बंद. दंड जाड असेल तर मोठा पट्टा हवाच. लहान पट्टा हटकून जास्त दाखवतो. आणि पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर मोजायचं. ज्या हातावर जास्त येईल तोच पुढे धरायचा.

तरीही दवाखान्यात आलं की ज्यांचं बीपी चढतं असे लोक असतातच. म्हणून घरचं मोजमाप माग. मशीन दंडावर लावायचं, मनगटावरचं नको. सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा, रात्री दोनदा, असं आठवडाभर. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. दवाखान्यातल्या १४०/९० ला घरी १३५/८५ समजायचं.

आता गोळ्या पोटात जाण्याचं. "गोळ्या वेळेवर घेता ना?" या प्रश्नाला "हो" सोडून दुसरं उत्तर नसतं, त्यामुळे तो विचारूच नकोस. "गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?" असं विचार, तेही खाली लिहिता लिहिता, सहज. मग माणूस बोलतो. पुढच्या वेळी स्ट्रिपा घेऊन यायला सांग आणि उरलेल्या गोळ्या त्याच्यासमोर मोज. पकडण्यासाठी नाही, नेमकी कोणती गोळी मागे राहते ते कळण्यासाठी. राहणारी गोळी बहुधा तीच असते जिचा त्याला त्रास होतोय आणि जिच्याबद्दल तो तुझ्याशी बोललेला नाही. अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात. रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारख्या औषधांनी कोरड्या खोकल्याची ढास लागते, आणि माणूस खोकल्याची बाटली दुसऱ्याच डॉक्टरकडून घेत राहतो. इथे गोळी बदलली तर काम होतं. वाढवली तर तीही स्ट्रिपमध्येच राहणार.

दुसरं कारण जास्त चिवट आहे. बीपी वाढलं की डोकं दुखतं, गरगरतं, म्हणजे आपल्याला कळतंच, असा लोकांचा ठाम समज असतो. त्यामुळे बरं वाटतंय म्हणजे बीपी बरं आहे, मग गोळी कशाला? तू दहा वेळा सांगशील की आकडा नॉर्मल आलाय तो गोळीमुळे. अकराव्या वेळीही तितक्याच शांतपणे सांग.

मला अशा वेळी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट आठवतात. १९४४च्या मार्चमध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासलं तेव्हा बीपी १८६/१०८ होतं. मीठ कमी, विश्रांती आणि डिजिटॅलिस हे हृदयाचं औषध. अमेरिकेच्या अध्यक्षालाही याहून फारसं काही देता येत नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी ते मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. थायझाइडच्या, म्हणजे लघवी वाढवून बीपी उतरवणाऱ्या गोळ्या आल्या त्या पुढच्या दशकाच्या अखेरीस. आणि १९६७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खालचं बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. खोटी गोळी घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर गुंतागुंत झाली, खरी औषधं घेणाऱ्यांत फक्त दोघांना. पेशंट हुज्जत घालायला लागला की हा २७ विरुद्ध २ चा हिशोब मी सांगतो. बऱ्याचदा पटतो.

इतर औषधांचीही चौकशी कर, आणि नावं घेऊन कर. गुडघ्यासाठी रोज घेतलेलं डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन "औषध" म्हणून कोणी सांगत नाही. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, रोजचं ज्येष्ठमध, दारू, सगळ्यांनी बीपी वाढतं. झोपेत श्वास अडकत असेल तरीही बीपी चढतं, म्हणून पेशंट रात्री किती घोरतो आणि घोरता घोरता श्वास थांबतो का, हे शेजारी झोपणाऱ्याला विचार.

मग तुझ्या तीन गोळ्यांकडे येऊ. तिसरी कोणती आहे ते तू लिहिलंच नाहीस, आणि सगळं तिच्यावर अडलंय. अॅम्लोडिपिनच्या जातीची एक, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांच्यापैकी एक, आणि तिसरी लघवी वाढवणारी, शक्यतो क्लोरथॅलिडोन. हे त्रिकूट पुऱ्या डोसात चालू असेल तरच "तीन गोळ्यांनाही दाद देत नाही" असं म्हणता येतं. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन दोन्ही एकदम दिली असतील तर एक आजच बंद कर. फायदा वाढत नाही, किडनीला धोका आणि रक्तातलं पोटॅशियम चढण्याची भीती मात्र वाढते. तिसरी अॅटेनोलॉल, म्हणजे बीटा ब्लॉकर जातीची असेल तर विचार, का? अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), झालेला हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर अशी कारणं असली तर बीटा ब्लॉकर ठीक. नुसत्या बीपीसाठी तो पहिल्या रांगेतला नाही. आणि पेशंट मूल होण्याच्या वयातली बाई असेल तर रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनच्या आधी दिवस राहण्याबद्दल बोलायचंच. गर्भाला ती चालत नाहीत.

एक सवय लवकर लावून घे. एकच औषध दुप्पट करत नेण्यापेक्षा वेगळ्या जातीचं दुसरं जोड. डोस दुप्पट करून जेवढं उतरतं त्याच्या सुमारे पाचपट दुसरं औषध जोडून उतरतं, आणि घोटे सुजणंही आवाक्यात राहतं. दोन-तीन औषधं एकाच गोळीत मिळत असतील तर तीच दे. रोज एक गोळी घेणारा माणूस ती घेतो.

"मीठ कमी करा" एवढंच म्हणशील तर काहीच सांगितलं नाहीस. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही, आणि त्यात पाकिटबंद पदार्थांतलं मीठही आलं, हे सांग. पोटॅशियमयुक्त मिठाचा फायदा पक्का आहे. चीनमध्ये सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पण किडनी कमजोर असलेल्याला किंवा पुढे लिहितोय ती गोळी घेणाऱ्याला ते देऊ नकोस. वजन जास्त असेल तर साधारण किलोमागे एक अंक उतरतो. पाच-सात किलोंत एका गोळीइतकं काम होऊ शकतं, हे पेशंटला आकड्यात सांगितलं की त्याला हुरूप येतो.

एवढं सगळं होऊनही बीपी वरच राहिलं, तर चौथी स्पायरोनोलॅक्टोन. २०१५च्या एका चाचणीत अशाच हट्टी बीपीवर तिने बिसोप्रोलॉल आणि डॉक्साझोसिन या बीपीच्याच दुसऱ्या दोन औषधांना मागे टाकलं. पण लिहिण्याआधी अॅल्डोस्टेरॉन आणि रेनिन या शरीरातलं मीठ-पाणी आणि बीपी सांभाळणाऱ्या द्रव्यांची रक्ततपासणी करून घे. किडनीच्या वर बसलेली अॅड्रिनल ग्रंथी जास्त अॅल्डोस्टेरॉन सोडत असेल तर दुखणंच वेगळं, आणि एकाच बाजूची ग्रंथी दोषी निघाली तर ऑपरेशनचाही विचार होतो. गोळी सुरू केल्यावर ही तपासणी लावणं अवघड जातं. सुरुवात १२.५ किंवा २५ मिलिग्रॅमने. पुरुष असेल तर छातीत दुखरी गाठ येऊ शकते, हे आधीच सांगून ठेव, नाहीतर तो घाबरून गुपचूप सगळंच बंद करेल.

किडनीच्या मज्जातंतूंवरच्या नव्या प्रक्रियेबद्दल पेशंट विचारतील. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. बीपी थोडं उतरतं, गोळ्या बहुतेकांच्या चालूच राहतात. मी अजून कोणाला घाई करायला सांगत नाही.

किती उतरवायचं? झेपत असेल तर १३०च्या खाली. वय झालेल्या माणसाचं मात्र उभं करूनही बीपी मोज. उठताना तोल गेला तर सुंदर आकड्याचा उपयोग नाही. आकडा १८०/१२० च्या वर आणि जोडीला छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं किंवा हातापायातलं बळ जाणं असं काही असेल, तर गोळ्यांचा घोळ घालत बसू नकोस, थेट मोठ्या रुग्णालयात पाठव.

स्पायरोनोलॅक्टोन सुरू केलीस तर आठवड्याभरात रक्तातलं पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघ, महिन्याने पुन्हा. पण त्याच्या आधी मला त्या तिसऱ्या गोळीचं नाव आणि घरच्या बीपीची सरासरी पाठव.

तुझा,
सर