ठाण्याचा १८५३ च्या रेल्वेआधीचा प्राचीन इतिहास काय आहे? आज त्यातलं काही बघायला मिळतं का?

भरपूर आहे, फक्त स्टेशन-तलावपाळीच्या गर्दीत तो दिसत नाही. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांची राजधानी इथेच होती. तेव्हाचं नाव श्रीस्थानक. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना राजा अरिकेसरीचे ताम्रपट सापडले, शके ९३९ म्हणजे इसवी सन १०१७ चे. तो किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे सहज आत जाऊन बघायची सोय नाही!

खरं शिलाहारकालीन काम बघायचं तर लोकल पकडून अंबरनाथ गाठा. वालधुनीकाठचं शिवमंदिर, तिथला शिलालेख शके ९८२ चा. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरच्या भिंती कोरीवकामाने अशा भरल्यात की घाईत जाऊ नका.

माझी आवड मात्र गधेगाळ. दान दिलेल्या जमिनीवर कोणी हात मारू नये म्हणून उभारलेला दगड. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर दान कायम. मधे लेख. खाली गाढव आणि बाई, दान मोडणाऱ्याला थेट आईवरून शिवी. राजाज्ञेतली ही भाषा बघून हसू येतं, पण लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही धमकी बरोब्बर कळत असणार. बऱ्याच गावांत हे दगड शेंदूर फासून देव म्हणून पुजले जातात.

बंदर म्हणूनही नाव मोठं. मार्को पोलोच्या वृत्तांतात ‘ताना’ येतं. त्याहून जुनं हवं असेल तर नालासोपारा: अशोकाचा शिलालेख इथेच सापडला, आणि बौद्ध स्तूपही इथे आहे.