आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ लातूरच्या नव्या घरात कसा मांडावा?

व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा हा जुना रेडिओ थेट विजेला जोडू नका. अशा संचांतील कागदी कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) कालांतराने खराब होतात, म्हणून ते जाणकार कारागिराकडून आधी तपासून व गरजेप्रमाणे बदलून घ्यावेत. बॅकेलाइटच्या (जुन्या कडक प्लॅस्टिकच्या) बटणांना थिनर लावू नये, मऊ फडके पुरते. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर दिवसभर चालतो आणि त्याच्या दमट झोतामुळे लाकडी पेटीवरील व्हिनियर (लाकडाचा पातळ थर) कडेने सुटू लागते, तेव्हा जागा निवडताना याचाच विचार प्रथम करावा. वर, १९५७ साली अवकाशात गेलेल्या स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहाच्या नावाने ओळखला जाणारा, गोळ्यातून चहूबाजूंनी दांड्या निघालेला पितळी दिवा टांगावा. माझ्या मते तेवढे पुरेसे आहे, कारण जास्त वस्तूंच्या गर्दीत रेडिओची सुंदर डायल झाकोळते.