फ्री बेसिक्सला विरोध करून आपण गरिबांचंच नुकसान केलं का?

तुम्ही विचारलंय की २०१६ मध्ये फ्री बेसिक्स (निवडक साइट डेटाचे पैसे न मोजता उघडू देणारी फेसबुकची योजना) बंद पडलं नसतं तर खेड्यातल्या पोरांना निदान विकिपीडिया तरी फुकट वाचता आला असता, मग विरोध करून मिळवलं काय?

प्रश्न रास्त आहे. तेव्हा एक जीबीला अडीचशेच्या आसपास मोजावे लागत. महिनाअखेरीला मी स्वतः भावाच्या हॉटस्पॉटवर दिवस काढायचो. तरीही ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, विरोधाचे मेल पाठवणाऱ्यांत मी होतो.

फुकट काय होतं ते बघा. सिम रिलायन्स कम्युनिकेशन्सचं हवं, आणि साइट फेसबुकच्या अटींत बसणाऱ्या मोजक्याच, त्याही व्हिडिओ नि मोठी चित्रं वगळून. झुकरबर्गने डिसेंबर २०१५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला, त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला होता. हवामान बघतो, बाजारभाव बघतो. बघत असेलही. पण पिकावरच्या रोगासाठी यादीबाहेरची एखादी पीडीएफ उघडायला गेला की मीटर सुरू!

अभ्यासाच्या बाबतीत ही गोची जास्तच. मराठी विकिपीडियावरचा लेख बरेचदा चार ओळींचा, तळाशी संदर्भ. खरं वाचायचं असतं ते तिथे. त्या छोट्या आकड्यावर बोट ठेवलं की तुम्ही कुंपणाबाहेर. म्हणजे लेख फुकट, तो खरा की खोटा हे तपासायचे मात्र पैसे.

विकिपीडिया झीरोबद्दल, म्हणजे काही देशांत मोबाइलवर विकिपीडिया फुकट देणाऱ्या विकिमीडियाच्या योजनेबद्दल, मात्र मी बराच काळ डळमळीत होतो. ना जाहिरात, ना नफा. पण अंगोलात लोकांनी त्या योजनेत फुकट असलेल्या विकिमीडिया कॉमन्सच्या (विकिपीडियाच्या चित्र-व्हिडिओंच्या साठ्याच्या) फायलींत सिनेमे दडवून एकमेकांना पोचवले. चोरीच ती, पण त्यांना एक खिडकी नको होती, अख्खं इंटरनेट हवं होतं, एवढं त्यातून कळलं.

ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम केला: मजकूर बघून डेटाचा दर बदलायचा नाही, मोडला तर दिवसाला ५०,००० रुपये दंड. सूट फक्त आणीबाणीच्या सेवांना, ज्ञानाला नाही. मला हे पटतं. नाहीतर ज्ञान कशाला म्हणायचं हे सिमकार्डवाल्याने ठरवलं असतं.

एक मात्र कबूल करतो. डेटा स्वस्त झाला तो या नियमामुळे नव्हे, सप्टेंबरात जिओ आलं म्हणून, आणि तोही फोरजी फोन असणाऱ्यांसाठी. मधले सात महिने तुमच्या प्रश्नातल्या पोराला इंटरनेट ना फुकट होतं, ना स्वस्त.